निवृत्तीनंतर परदेशात राहायला जाताना खासगी आरोग्य विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात निवृत्तीचं आयुष्य काढायचं ठरलं की माणसं आधी घर बघतात, मग हवामान, मग व्हिसा. विम्याची आठवण तिकीट हातात आल्यावर होते. खालच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ या उलट्या क्रमात आहे. उत्तरं लिहिताना साठीच्या पुढचा वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे. तिशीत नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याचं गणित वेगळं असतं आणि त्याला दिलेला सल्ला इथे चालत नाही.

पुढच्या महिन्यात निघायचं आहे. कोणती पॉलिसी घेऊ?

एका महिन्यात चांगली पॉलिसी मिळणं कठीण आहे. कंपनी जुने रिपोर्ट मागवते, कधी स्वतःची वैद्यकीय तपासणी करवते, डॉक्टरांकडून खुलासा मागते आणि मग अटी कळवते. यात सहा-आठ आठवडे सहज जातात, हृदयाचा किंवा कर्करोगाचा इतिहास असेल तर त्याहून जास्त. घाईत असलेला माणूस पहिल्या ‘हो’ म्हणणाऱ्या कंपनीवर सही करतो.

आधी आपली वैद्यकीय फाइल एकत्र करा, मग ज्या देशात जायचं तिथले नियम वाचा, मग कंपन्यांना विचारा आणि घर विकण्याचा किंवा भाड्याच्या करारावर सही करण्याचा निर्णय त्यानंतर घ्या. विमा मिळत नाही हे कळल्यावर देश बदलता येतो. घर विकल्यावर कळलं तर हातात फारसं काही उरत नाही.

ट्रॅव्हल इन्शुरन्स स्वस्त पडतो. तोच दरवर्षी नव्याने काढला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. प्रवास विमा हा घरी परतणाऱ्या माणसासाठी बनवलेला असतो. अचानक काही झालं तर तब्येत सावरेपर्यंत उपचार आणि मग घरी पाठवणं, एवढंच त्याचं काम. तुम्ही तिथेच राहत असाल तर ‘घरी’ म्हणजे कुठे, इथपासून वाद सुरू होतो. युरोपातल्या शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा जो विमा मागतात, तोही याच जातीचा. तो दाखवून तिथे कायमचं राहता येत नाही.

समजा मार्चमध्ये कर्करोगाचं निदान झालं आणि पॉलिसी जूनमध्ये संपली. जुलैच्या नव्या पॉलिसीला तो कर्करोग ‘आधीपासूनचा आजार’ आहे. म्हणजे उपचार चालू असताना विमा संपला. दरवर्षी नव्याने काढायची पॉलिसी आणि दरवर्षी नूतनीकरण होणारी पॉलिसी यांतला फरक तुम्ही धडधाकट आहात तोवर दिसतच नाही.

मायदेशातली सरकारी योजना परदेशात चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. अमेरिकेची मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी योजना काही मोजके अपवाद सोडले तर देशाबाहेरच्या उपचाराचे पैसे देत नाही. मेडिगॅप या मेडिकेअरला पूरक असलेल्या खासगी विम्याच्या काही प्रकारांत परदेशातल्या तातडीच्या उपचाराची तरतूद आहे. प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांत, 250 डॉलर तुम्ही भरल्यावर, उरलेल्या बिलाचे 80 टक्के मिळतात आणि आयुष्यभराची मर्यादा 50,000 डॉलर. ही सहलीची सोय झाली.

ब्रिटनची एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा तिथे राहण्यावर आधारलेली आहे. आयुष्यभर कर आणि राष्ट्रीय विम्याचे पैसे भरले म्हणून कायमचं बाहेर गेलेल्याला तिथे मोफत उपचारांचा हक्क राहत नाही. मात्र ब्रिटनची सरकारी पेन्शन घेणारा युरोपीय संघातल्या देशात राहायला गेला तर त्याला ‘एस-वन’ नावाचा फॉर्म मिळू शकतो. तो तिथे नोंदवला की स्थानिक सरकारी व्यवस्थेत उपचार होतात आणि खर्च ब्रिटन उचलतं. हा फॉर्म मिळत असेल तर खासगी विम्याचा सगळा विचार नव्याने करा.

मग निघताना मायदेशातली योजना बंद करून टाकू?

थांबा. मेडिकेअरचा भाग ‘बी’ (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांचा) उपयोग नाही म्हणून सोडला आणि काही वर्षांनी परत आलात, तर न घेतलेल्या प्रत्येक पूर्ण 12 महिन्यांमागे हप्ता 10 टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ सहसा कायमची असते. काही ठिकाणी दंड नसतो, पण परतल्यावर थांबावं लागतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये परतणाऱ्याला चालू महिन्याचे उरलेले दिवस आणि त्यापुढचे दोन महिने सरकारी विमा मिळत नाही.

बरीच माणसं ऐंशीच्या आसपास परततात. जोडीदार गेलेला असतो, स्वयंपाक होत नाही, मुलं बोलावतात. आज भरलेला ‘निरुपयोगी’ हप्ता त्या दिवसासाठी असतो. परवडत असेल तर दोर कापू नका.

नव्या देशातली सरकारी सेवा मिळणार असेल तर खासगी विमा कशाला?

कधी, कोणाला आणि किती मिळणार, यावर ते आहे.

फ्रान्समध्ये कायदेशीर आणि स्थिर वास्तव्याचे तीन महिने झाल्यावर सार्वत्रिक आरोग्य संरक्षणासाठी अर्ज करता येतो. 2016 पासून ही व्यवस्था ‘प्युमा’ नावाने चालते. म्हणजे तिथे खासगी विमा हा मुख्यतः सुरुवातीच्या काळाचा पूल आहे. स्पेनमध्ये इतर कोणत्याही मार्गाने हक्क नसलेल्याला एक वर्षाच्या वास्तव्यानंतर ‘कोन्व्हेनियो एस्पेशियाल’ हा पैसे भरून सरकारी सेवेत शिरण्याचा मार्ग आहे. 2013 च्या आदेशानुसार 65 वर्षांखालच्यांना महिना 60 युरो आणि त्यापुढच्यांना 157 युरो. आधीचा आजार असला तरी घेतात, ही त्याची मोठी बाजू. पण औषधांवरची सवलत त्यात येत नाही. रोज सात-आठ गोळ्या घेणाऱ्याने हे आधीच मांडून बघावं.

जर्मनीत उलट. 55 वर्षांनंतर तिथल्या वैधानिक आरोग्य विम्यात नव्याने शिरणं फार अवघड आहे. तिथे जाणाऱ्याला खासगी विमा हा आयुष्यभराचा सोबती समजूनच निवडावा लागतो.

स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये तर प्रश्नच निराळा आहे. तिथला मूलभूत विमा खासगी कंपन्याच विकतात, पण तो घेणं रहिवाशाला सक्तीचं आहे आणि वय किंवा आजार बघून कंपनीला नाही म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये राहायला गेल्यापासून तीन महिन्यांत आणि नेदरलँड्समध्ये चार महिन्यांत तो घ्यावा लागतो. वरच्या पुरवणी विम्यासाठी मात्र कंपनी प्रश्न विचारते आणि नाकारूही शकते. तुमची फाइल जाड असेल तर हवामानाच्या आधी असे देश बघा, असं मी म्हणेन. अडचण एवढीच की निवृत्तांना राहण्याचा परवाना देण्यात हे देश हात आखडता घेतात.

व्हिसासाठी जो विमा मागितला आहे तेवढाच घेतला तर पुरे ना?

व्हिसाचं काम होईल. आजारपणाचं होईलच असं नाही. व्हिसाची अट ही त्या देशाने आपल्या इस्पितळांची बिलं बुडू नयेत म्हणून घातलेली असते.

अटी बारकाईने वाचाव्या लागतात. स्पेनच्या बिनकामाच्या वास्तव्य व्हिसासाठी तिथे काम करायची परवानगी असलेल्या कंपनीचा, को-पे (बिलाचा ठरावीक वाटा रुग्णाने भरण्याची अट) नसलेला आणि सरकारी सेवेच्या तोडीचा विमा मागतात. उत्तम, महागडी आंतरराष्ट्रीय पॉलिसी घेऊन गेलेल्यांचे अर्ज केवळ तीत डिडक्टिबल (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आहे म्हणून परत येतात. थायलंडने ‘ओ-ए’ या निवृत्तांच्या व्हिसासाठी 2019 च्या ऑक्टोबरअखेरपासून दाखल रुग्ण म्हणून 4 लाख बाट आणि बाह्यरुग्ण म्हणून 40 हजार बाटचं कव्हर सक्तीचं केलं. पुढे ही अट 30 लाख बाटपर्यंत नेली. जुनी माहिती वाचून तयारी करणारे इथेच अडकतात. मुलांकडे कॅनडात लांब मुक्कामाला जाणाऱ्या आईवडिलांच्या ‘सुपर व्हिसा’साठी किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा विमा लागतो. तो मुख्यतः तातडीच्या उपचारांचा असतो, नेहमीच्या औषधपाण्याचा नव्हे.

कधीकधी दोन पॉलिसी घेणं हाच शहाणपणा ठरतो. एक व्हिसा अधिकाऱ्यासाठी, एक स्वतःसाठी.

मधुमेह आणि रक्तदाब आहे, सहा वर्षांपूर्वी बायपास झाली. मला कोणी घेईल का?

कदाचित घेईल, पण कशा अटींवर हे महत्त्वाचं. तुमचा अर्ज बघून कंपनी चारपैकी एक उत्तर देते: जसंच्या तसं स्वीकारते, हप्ता वाढवून स्वीकारते, ठरावीक आजार वगळून स्वीकारते किंवा नाकारते. मधुमेह किंवा रक्तदाब नीट आटोक्यात असेल तर वाढीव हप्त्यावर बऱ्याचदा जमतं. बायपासनंतर हृदय वगळलं जाण्याची शक्यता मोठी.

वगळण्याचं वाक्य कसं लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. ‘उच्च रक्तदाब वगळून’ आणि ‘उच्च रक्तदाब व त्याच्याशी संबंधित सर्व विकार वगळून’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यात पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा आजार असं सगळं बसवता येतं. म्हणजे साठीनंतर माणूस ज्या कारणांनी इस्पितळात जातो त्यांतली बरीच कारणं बाहेर. अशा वाक्यावर कंपनीशी बोलता येतं. अलीकडचे रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र, दोन-तीन वर्षांचे रक्तदाबाचे आकडे पाठवा आणि वाक्य अरुंद करून मागा. दोन वर्षांनी त्याचा फेरविचार होईल का, तेही लेखी विचारा. सगळे ऐकत नाहीत, पण कोणी मागतच नाही.

दुसरा मार्ग ‘मोरेटोरियम’चा. यात सुरुवातीला आरोग्याची प्रश्नावली जवळपास नसतेच. गेल्या काही वर्षांत, बहुधा पाच, जे काही झालं ते सगळं आपोआप बाहेर राहतं आणि पॉलिसी सुरू झाल्यावर सलग दोन वर्षं त्या आजाराचं लक्षण, औषध, सल्ला यांपैकी काहीही नसेल तरच तो आत येतो. फॉर्म सोपा म्हणून लोक भुलतात. रोज गोळी घेणाऱ्याची ‘औषधाशिवाय दोन वर्षं’ कधी पूर्ण होणार? शिवाय काय आत आणि काय बाहेर हे क्लेम केल्यावर ठरतं, म्हणजे तुम्ही खाटेवर असताना. माझं मत स्पष्ट आहे: वयस्कर माणसाने पूर्ण वैद्यकीय छाननीची पॉलिसी घ्यावी. वाईट बातमी आधी कळलेली बरी.

अजून दोन गोष्टी. नोकरीत कंपनीचा आंतरराष्ट्रीय गटविमा असेल तर निवृत्त होताना तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का, हे मनुष्यबळ विभागाला विचारा. काही योजनांत नव्याने छाननी न करता तो पुढे चालू ठेवता येतो, पण त्यासाठीची मुदत थोडी असते. आणि एकदम पाच कंपन्यांकडे रीतसर अर्ज टाकू नका. बऱ्याच फॉर्मवर ‘यापूर्वी कोणी विमा नाकारला आहे का’ असा प्रश्न असतो. ब्रोकरमार्फत नाव न देता प्राथमिक अंदाज घेता येतो, तो आधी घ्या.

जुनी, किरकोळ दुखणीही लिहायची का?

विचारलं असेल तर हो, सगळी. छोटे क्लेम कंपनी पटकन देते. मोठं बिल आलं की जुन्या डॉक्टरांच्या नोंदी मागवते. मी स्वतः एकदा फॉर्म भरताना छातीत दुखल्यामुळे केलेली स्ट्रेस टेस्ट लिहायची विसरलो होतो. रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून डोक्यातून गेली. पुढे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, जिचा छातीशी काही संबंध नव्हता, त्या एका ओळीमुळे क्लेम चार महिने लोंबकळला. फॉर्म एका बैठकीत, आठवणीवर भरू नका.

वयाची अट असते का?

नव्याने घेण्यासाठी असते. कुठे 65, कुठे 70, कुठे 75 आणि काही कंपन्या अट ठेवत नाहीत पण हप्ता तसा लावतात. एकदा आत शिरल्यावर आयुष्यभर नूतनीकरण मिळतं का, हा वेगळा प्रश्न आणि तोच खरा. स्वस्त स्थानिक पॉलिसींत ठरावीक वयाला विमा आपोआप संपतो असं कलम असू शकतं. तो विमा नेमका गरज सुरू होताना हात वर करतो. आजाराच्या कारणाने नूतनीकरण नाकारणार नाही आणि एकट्या तुमचाच हप्ता वाढवणार नाही, ही दोन आश्वासनं पॉलिसीच्या मजकुरात शोधा. एजंटच्या तोंडी दिलेली मोजू नका.

सत्तरीनंतर कंपनी बदलणं जवळपास अशक्य होतं. म्हणून आज निवडताय ती पॉलिसी बहुधा शेवटचीच.

हप्ता किती वाढेल?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. एक वाढ वयाची, दुसरी उपचार महागल्याची, आणि दोन्ही एकमेकींवर चढतात. वर्षाला 8 टक्के वाढ धरली तर हप्ता नऊ वर्षांत दुप्पट होतो आणि वीस वर्षांत साडेचार पटीच्या पुढे जातो. 10 टक्के धरली तर वीस वर्षांत पावणेसात पट. पेन्शन अशी वाढत नाही.

म्हणून कंपनीकडे आजच्या दराने 70, 75, 80 आणि 85 वर्षांच्या माणसाचा हप्ता मागा. तक्ता असतो त्यांच्याकडे. देत नसतील तर त्यावरूनही काय ते समजा. पहिल्या वर्षी सगळ्यात स्वस्त असलेली पॉलिसी ऐंशीला सगळ्यात महाग निघू शकते.

चलनही बघा. पेन्शन एका चलनात, हप्ता दुसऱ्या, इस्पितळाचं बिल तिसऱ्या, असं झालं तर विम्यासोबत विनिमय दराचा सट्टाही खेळताय.

डिडक्टिबल किती ठेवावं?

बँकेतून आज काढून देता येईल तेवढं, व्हिसाची आडकाठी नसेल तर. मोठ्या डिडक्टिबलने हप्ता बराच उतरतो आणि किरकोळ क्लेमच्या मागे धावणं वाचतं. फक्त ते वर्षाला एकदा लागतं की प्रत्येक आजारामागे, हे विचारा. को-पे असेल तर त्याला वार्षिक कमाल मर्यादा आहे का, तेही. मर्यादेविना 20 टक्के को-पे म्हणजे मोठ्या बिलात मोठं भगदाड.

‘अमेरिका वगळून जगभर’ हा पर्याय स्वस्त आहे. घ्यावा का?

अमेरिकेत राहणार नसाल तर सहसा हो. फरक मोठा पडतो. पण मुलं तिथे असतील आणि तुम्ही दरवर्षी दोन महिने जाणार असाल, तर त्या मुक्कामात तातडीच्या उपचारांची किती दिवस आणि किती रकमेपर्यंत सोय आहे ते बघा. त्या वेळी वेगळा प्रवास विमाही काढता येतो, अर्थात जुना आजार धरून. मायदेशाला भेट दिल्यावरचे दिवसही काही पॉलिसींत मोजलेले असतात.

स्थानिक कंपनी की आंतरराष्ट्रीय?

एकाच देशात, एकाच गावात राहायचं पक्कं असेल तर स्थानिक कंपनी स्वस्त पडते, तिथली इस्पितळं तिला ओळखतात आणि व्हिसाच्या अटीही ती सहज पुऱ्या करते. पॉलिसीचा मजकूर स्थानिक भाषेत असतो आणि वादात तोच खरा धरतात, हे लक्षात ठेवा. विश्वासू भाषांतर करून घ्या. देश बदलण्याची किंवा मायदेशी परतण्याची शक्यता असेल तर आंतरराष्ट्रीय पॉलिसीचं जादा मोल सार्थकी लागतं, कारण ती तुमच्यासोबत फिरते. मात्र ती कोणत्या देशातल्या नियामकाखाली आहे हे विचारा. तक्रार घेऊन जायचं ठिकाण तेच.

इस्पितळात पैसे आधी भरावे लागतात का?

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी कंपनीची पूर्वपरवानगी आणि हमीपत्र लागतं. ते इस्पितळाने मान्य केलं तर नाही. यादीत इस्पितळाचं नाव आहे एवढ्यावर जाऊ नका. जिथे राहणार तिथल्या मोठ्या इस्पितळाच्या बिलिंग विभागाला फोन करून विचारा, ‘या कंपनीचं हमीपत्र तुम्ही घेता का?’ या एका फोनमध्ये जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे बहुधा आधी भरून मग मागावे लागतात.

एअर ॲम्ब्युलन्सचं कव्हर हवं का?

बेटावर किंवा खेड्यात राहणार असाल तर हवंच. पण त्याचा अर्थ ‘मला घरी नेतील’ असा नसतो. योग्य उपचार मिळतील अशा सर्वात जवळच्या ठिकाणी नेतात आणि ते ठिकाण कंपनीचे डॉक्टर ठरवतात. मायदेशी परत नेणं हे वेगळं कलम आहे. मृत्यूनंतर पार्थिव नेणं किंवा तिथेच अंत्यविधी करणं, हे तिसरं. विषय नकोसा असतो, पण त्या दिवशी कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो.

विम्यात हमखास काय येत नाही?

चष्मा, श्रवणयंत्र, कवळी हे बहुतेकदा नाही किंवा नावापुरतं. दीर्घकालीन आजारांच्या रोजच्या औषधांना बऱ्याच ठिकाणी वार्षिक मर्यादा असते आणि काही पॉलिसी फक्त आजार अचानक बळावला तरच पैसे देतात.

सगळ्यात मोठं रिकामं घर मात्र शुश्रूषेचं. स्मृतिभ्रंश झाला, आंघोळीला आणि जेवायला माणूस लागू लागला, तर तो आरोग्य विम्याच्या भाषेत उपचार नसतो. वृद्धाश्रमाचा किंवा घरी ठेवलेल्या मदतनिसाचा खर्च वर्षानुवर्षं चालतो आणि तो तुमच्याच खिशातून जातो. अतिमहागड्या पॉलिसीसाठी सगळी गंगाजळी ओतणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. थोडी खालची पॉलिसी घ्या आणि उरलेले पैसे या कामासाठी बाजूला ठेवा.

नवरा-बायकोने एकच पॉलिसी घ्यावी का?

थोडी सवलत मिळते. पण मुख्य विमाधारक गेला तर दुसऱ्याची पॉलिसी नव्या छाननीशिवाय चालू राहते का, हे लेखी घ्या. उत्तर ‘नाही’ किंवा ‘बघू’ असेल तर दोन वेगळ्या घ्या.

विमा न घेता तेवढे पैसे साठवले तर?

आजार असल्यामुळे विमाच मिळत नाही अशा लोकांपुढे कधीकधी हाच मार्ग उरतो. व्हिसा त्याला परवानगी देतो का, ते आधी पाहा. पैसे असूनही ज्यांना विमा मिळू शकतो, त्यांनी मोठ्या आजारापुरती, भरपूर डिडक्टिबलची पॉलिसी घेऊन बाकीचं स्वतः सांभाळावं. अतिदक्षता विभागातले सहा आठवडे कोणाच्याच साठवणीचा विचार करत नाहीत.

पॉलिसी मोबाइलच्या ॲपमध्ये आहे. कागद कशाला हवेत?

कारण ज्या रात्री त्यांची गरज लागते त्या रात्री फोन तुमच्या हातात नसतो, आणि असला तरी तो दुसऱ्याच्या अंगठ्याने उघडत नाही. पॉलिसी क्रमांक, कंपनीचा चोवीस तासांचा फोन क्रमांक, औषधांची जेनेरिक नावं, ॲलर्जी आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाचं नाव, एवढं एका कागदावर स्थानिक भाषेत लिहून पाकिटात ठेवा. दुसरी प्रत फ्रिजच्या दारावर, तिसरी शेजाऱ्याकडे. शेजाऱ्याला ती कशासाठी आहे हेही सांगून ठेवा, नाहीतर तो ती जपून कपाटात ठेवून देईल.